पोथी नसलेले देव

वेंगुर्ल्याहून शिरोड्याकडे जाताना आरवली लागते. तिथल्या वेतोबाला नवस फेडायला लोक केळ्यांचा घड आणतात आणि चामड्याच्या वहाणा आणतात. वहाणा माणसाच्या पायाला कधीच होणार नाहीत एवढ्या मोठ्या, माप सांगून शिवून घेतलेल्या. देव रात्री गावाच्या हद्दीत फिरतो, फिरून फिरून वहाणा झिजतात, म्हणून नव्या द्यायच्या. मूर्ती नऊ फुटांहून उंच, उभी, दोन हातांची. उजव्या हातात तलवार, डाव्या हातात अग्निपात्र. पूर्वी ती फणसाच्या लाकडाची होती. आत्ताची पंचधातूची मूर्ती १९९६ सालची. जयवंत दळवींचं गाव ते हेच.

बाकी महाराष्ट्राला वेताळ माहीत आहे तो विक्रमाच्या खांद्यावरचा. अकराव्या शतकात काश्मीरच्या सोमदेवाने कथासरित्सागरात त्या पंचवीस गोष्टी घातल्या आणि पुढे त्या लहान मुलांच्या मासिकांपर्यंत येऊन पोचल्या. झाडाला लटकलेलं प्रेत, त्यात शिरलेला आणि कोडी घालणारा वेताळ. आमच्या किनाऱ्यावर तो कोणाला कोडी घालत नाही. आरवलीला, पेंडूरला, खाली गोव्यात आमोण्याला आणि लोलयेला तो गावाची राखण करतो. अमावास्येच्या रात्री त्याची स्वारी निघते, मागे भुतांच्या हातात दिवट्या असतात, अशा वेळी माणसाने वाट सोडून बाजूला व्हायचं, हे आमच्या आज्यांनी सांगितलं आणि आम्ही ऐकलं.

मी मालवण तालुक्यातल्या प्राथमिक शाळांत शिकवलं. नोकरीच्या शेवटच्या वर्षांत वर्गातल्या पोरांना थॉरचा हातोडा, ओडिनचा एक डोळा, लोकीच्या कारवाया हे सगळं तोंडपाठ असायचं. सिनेमाने ते शिकवलं होतं. आपल्या वाडीच्या वेशीवर ज्या दगडापुढे वर्षातून एकदा कोंबडा देतात तो दगड कोणाचा, हे मात्र त्यातल्या फार थोड्यांना सांगता येई. पोरांना मी कधी दोष दिला नाही. त्या उत्तर युरोपातल्या गोष्टी चांगल्या आहेत. त्यांच्या निमित्ताने मीही त्या वाचायला घेतल्या आणि वाचत गेले, तसतसा मला आपल्याच गावचा इतिहास वेगळा दिसू लागला.

त्या देवांची हकिकत अशी. इसवी सन १००० च्या सुमारास आइसलंडच्या आल्थिंग या लोकसभेने ख्रिस्ती धर्म स्वीकारला. त्यानंतर दोनशेहून अधिक वर्षांनी, १२२० च्या आसपास, स्नोरी स्तुर्लुसन नावाच्या एका सरदाराने जुन्या देवांच्या कथा लिहून काढल्या. तो स्वतः ख्रिस्ती होता. नव्या कवींना जुन्या कवितेतले देवांचे संदर्भ कळेनासे झाले होते, म्हणून त्याने कवींसाठी हे पुस्तक रचलं. जुन्या देवकवितांचं मुख्य हस्तलिखित तेराव्या शतकातलं, चामड्यावर लिहिलेलं. १६६२ मध्ये एका बिशपने ते डेन्मार्कच्या राजाला भेट दिलं. १९७१ मध्ये डेन्मार्कने ते आइसलंडला परत केलं, तेव्हा ते नौदलाच्या जहाजातून आलं आणि ते उतरवून घ्यायला रेक्याविकच्या धक्क्यावर लोकांची गर्दी लोटली. पुढच्याच वर्षी, १९७२ मध्ये, स्वेनब्योर्न बेंटेनसन या शेतकरी कवीने आणि त्याच्या सोबत्यांनी जुना धर्म नव्याने सुरू केला. देवापुढे उभं राहून काय बोलायचं, हे त्यांना पुस्तकांतून शोधून काढावं लागलं. मधल्या शतकांत ते बोलणारं तोंडच उरलं नव्हतं.

आमच्याकडे उलटं आहे. आमच्या देवांना पोथी नाही, पण बोलणारं तोंड आहे. तो घाडी. जत्रेच्या दिवशी, शिमग्याला, पेरणीआधी, कोणाच्या घरी अडचण आली तर, तो देवासमोर हात जोडून उभा राहतो आणि गाऱ्हाणं घालतो. रवळनाथ, सातेरी, वेतोबा, पावणाई, भूतनाथ, गांगो, पूर्वस, राष्ट्रोळी, महापुरुष, ब्राह्मणस्थळ, चव्हाटा, वेशीवरचे चाळे: प्रत्येक गावाचा क्रम वेगळा, आणि तो क्रम चुकलेला चालत नाही. मागे उभे असलेले गावकरी ठरल्या जागी ‘व्हय म्हाराजा’ म्हणतात. मुंबईकरांनी हे गाऱ्हाणं पहिल्यांदा ऐकलं ते बहुधा गंगाराम गवाणकरांच्या ‘वस्त्रहरण’ नाटकात, मच्छिंद्र कांबळींच्या तोंडून, आणि ते खूप हसले. पण गावात उभं राहून ते लक्षपूर्वक ऐकलं, तर त्यात गावाची हद्द चालत जाता येते. कोणतं स्थळ ओढ्याकाठी, कोणतं वडाखाली, कोणतं घाटीच्या तोंडाशी, सगळं त्यात ओळीने येतं. सातबाऱ्याच्या आधीची ही नोंद आहे. ती पाठ आहे, लिहिलेली नाही.

या देवांत सर्वांत जुनी मी सातेरीला मानते. तिला मूळचा चेहराच नाही. ती वारूळ आहे. गाभाऱ्यात जमिनीतून वर आलेलं मातीचं वारूळ, त्यावर चांदीचा मुखवटा, साडी-चोळी. रा. चिं. ढेऱ्यांनी ‘लज्जागौरी’त वारुळाचा आणि भूमीच्या सर्जनशक्तीचा संबंध उलगडून दाखवला. ते पुस्तक १९७८ सालचं. मला ते वाचताना नवल वाटलं नाही, आनंद वाटला. लहानपणी आजी वारुळासमोर नारळ ठेवून वाकायची, तेव्हा ती कोणाला वाकते आहे हे तिला पुरतं ठाऊक होतं.

सातेरी जमिनीची, वेतोबा रात्रीचा, आणि हद्दीवर देवचार. देवचाराचं देऊळ नसतं. एखादा दगड, एखादं झाड, पाणंदीचं वळण, एवढीच त्याची जागा. खांद्यावर घोंगडी, हातात घुंगुरकाठी, आणि काठीचा आवाज आला तर तो आपल्याला घरापर्यंत पोचवायला आला आहे असं समजायचं. त्याला राखणेचा कोंबडा देतात, विडी-काडी ठेवतात, माडी ओततात. गावाच्या चारी दिशांना चार राखणदार. त्यांचं वर्षाचं देणं दिलं नाही तर ते रागावतात, दिलं तर रानात चुकलेलं जनावर परत आणून सोडतात.

आइसलंडच्या जुन्या ग्रंथांत मला हेच चौघे भेटले. स्नोरीच्याच राजचरित्रांत एक गोष्ट आहे. डेन्मार्कच्या हाराल्ड राजाने आइसलंडवर चालून जाण्याआधी एका मांत्रिकाला देवमाशाच्या रूपात टेहळणीला पाठवलं. तो पूर्वेच्या खाडीत शिरायला गेला, तर डोंगरातून सर्पासारखा अजस्र प्राणी खाली आला. उत्तरेला दोन्ही डोंगरांना पंख टेकतील असा पक्षी आडवा आला. पश्चिमेला समुद्रात उतरून डरकाळणारा बैल. दक्षिणेला हातात लोखंडी काठी घेतलेला, डोंगराहून उंच दैत्य. मांत्रिक परत गेला. हे चौघे त्या भूमीचे राखणदार. ते आजही आइसलंडच्या राजचिन्हावर आहेत, नाण्यांवर आहेत. आणि त्याहून मला भावलेली गोष्ट म्हणजे तिथला सर्वांत जुना कायदा. जहाजाच्या नाळेवर जबडा वासलेलं लाकडी डोकं असेल, तर किनारा दिसायच्या आत ते काढून ठेवायचं, कारण त्याने भूमीतले राखणदार घाबरतील. माणसाने समुद्रावर जितका दरारा मिरवायचा तितका मिरवावा, जमिनीला लागताना नम्र व्हावं, असा हा कायदा.

मी आरवली आणि आइसलंड यांचं नातं लावत नाही. एकाने दुसऱ्याकडून काही घेतलं असं म्हणायला आधार नाही. पण ओडिन हाही फासावर गेलेल्यांचा देव, मेलेल्याला बोलतं करणारा, टोपी कपाळावर ओढून रस्त्यांवरून फिरणारा. नॉर्वेत नाताळाच्या सुमाराच्या रात्री मृतांची घोडेस्वार फौज आकाशातून जाते, तेव्हा माणसाने आडवं पडून राहायचं असतं, हीही समजूत आमच्या अमावास्येच्या स्वारीशेजारी ठेवता येते. जमीन थोडी, समुद्र मोठा, घरातला माणूस संध्याकाळी परत येईल याची खात्री नाही, अशा किनाऱ्यावर राहणाऱ्यांना जिवंत आणि मृत यांच्या मधल्या वाटेवर कोणीतरी चालता ठेवावा लागतो, एवढं मला त्यातून समजलं.

आणि राखण म्हणजे काय, ते गावपळणीत दिसतं. आचरा हे काही चार घरांचं गाव नव्हे. बंदर आहे, बाजारपेठ आहे, शाळा आहेत, बँका आहेत. दर चार वर्षांनी इनामदार श्री देव रामेश्वराचा कौल होतो आणि सगळं गाव तीन दिवस, तीन रात्री रिकामं केलं जातं. म्हातारी माणसं, तान्ही मुलं, गुरं, कुत्री, कोंबड्या, सगळ्यांना घेऊन लोक वेशीबाहेर पडतात. खाडीकाठी, माळावर, शेजारच्या गावच्या हद्दीत माडाच्या झावळ्यांच्या खोपी उभ्या राहतात. मुसलमान आणि ख्रिस्ती कुटुंबंही बाहेर येतात. मुंबईचे चाकरमानी रजा काढून येतात. रात्री भजनं, फुगड्या, खेळ, सगळ्या वाड्या एका माळावर. गावात दिवा नाही, चूल नाही, माणूस नाही. चौथ्या दिवशी पुन्हा कौल लावतात. देवाने होकार दिला तरच परत जायचं. होकार नाही आला तर मुक्काम वाढतो. चिंदरला आणि वायंगणीलाही गावपळण आहे. वैभववाडी तालुक्यातल्या शिराळ्यात तर ती दरवर्षी होते.

गावपळणीची कारणं लोक वेगवेगळी सांगतात. त्या रात्री देवाचे गण आणि भुतं गावात फिरतात, ही जुनी समजूत. साथीच्या रोगात गाव सोडून माळावर राहायची रीत होती, तिचं हे रूप, असं शिकलेली माणसं म्हणतात. हवा आणि पाणी शुद्ध होतं, असं हल्लीची वर्तमानपत्रं लिहितात. मला त्यात जमिनीचा हक्क दिसतो. कोकणात खोत आणि कूळ यांचा संबंध पिढ्यान्‌पिढ्या माणसांनी भोगला आहे. कसणारा एक, मालक दुसरा. गावपळणीत सगळं गाव, खोतासकट, स्वतःला कूळ मानतं. ही जागा आमची नाही, आम्हाला वापरायला दिली आहे, आणि ठरल्या मुदतीने ती रिकामी करून मालकाच्या ताब्यात द्यायची आहे. जहाजाच्या नाळेवरचं डोकं काढून ठेवणाऱ्या खलाशांना हे लगेच समजलं असतं.

आता समुद्राचं. आमच्या आजीचं वाक्य होतं, “तिन्हीसांजेक व्हाळात जाव नको, गिरो नेतलो.” गिऱ्हा म्हणजे पाण्यात बुडून मेलेल्याचं भूत. तो ओळखीच्या आवाजात हाक मारतो, वाट चुकवतो आणि खोल पाण्यात नेतो. नॉर्वेच्या उत्तर किनाऱ्यावरच्या कोळ्यांचा द्राऊग असाच. समुद्रात गेलेल्या, दफन न मिळालेल्या माणसाचं ते भूत अर्ध्या होडीतून येतं, त्याच्या डोक्यावर शेवाळ असतं, आणि ज्याला ते दिसलं त्याचं मरण जवळ आलं असं समजतात. त्यांच्याकडे राण नावाची समुद्रदेवी जाळं टाकून बुडणाऱ्यांना ओढून घेते. एका जुन्या कथेत वादळात सापडलेले खलाशी आपसांत सोनं वाटून घेतात, कारण राणच्या घरी रिकाम्या हाताने जाणं बरं नव्हे. मालवणच्या बंदरात नारळी पौर्णिमेला समुद्राला श्रीफळ देतात ते मी दर वर्षी बघत आले. त्या दिवशी धक्क्यावरच्या बायकांचे चेहरे बघावेत. सण असतो, पण पाण्याकडे बघणारी नजर सणाची नसते. मत्स्यव्यवसाय पुन्हा सुरू होणार म्हणजे घरातला माणूस पुन्हा पाण्यावर जाणार.

भुतांची ही माहिती कोणीच कधी लिहून ठेवली नाही असं मात्र नाही. एकदा ती लिहिली गेली, आणि ती आमच्याच पेशातल्या माणसांनी लिहिली. नाशिकचा कलेक्टर जॅक्सन संस्कृतचा अभ्यासक होता. त्याने मुंबई इलाख्यातल्या लोकसमजुतींबद्दल एक प्रश्नावली तयार केली आणि ती गावोगावच्या शाळामास्तरांकडे पोचली. तुमच्या गावचे देव कोणते, भुतं कोणती, कोणत्या झाडाला पुजतात, पाऊस पडला नाही तर काय करतात. मास्तरांनी उत्तरं लिहून पाठवली. २१ डिसेंबर १९०९ रोजी नाशिकच्या विजयानंद थिएटरात ‘शारदा’ नाटकाच्या वेळी अनंत कान्हेरे यांनी जॅक्सनवर गोळ्या झाडल्या. बाबाराव सावरकरांना झालेल्या जन्मठेपेचा राग त्यामागे होता. १९ एप्रिल १९१० ला ठाण्याच्या तुरुंगात कान्हेरे, कर्वे आणि देशपांडे या तिघांना फाशी झाली. जॅक्सनने जमवलेले कागद एन्थोव्हेन या दुसऱ्या अधिकाऱ्याने हाती घेतले आणि कोकणचा भाग १९१५ मध्ये छापून निघाला.

त्या पुस्तकात पेंडूर, उभादांडा, मिठबाव अशा गावांतल्या मास्तरांच्या उत्तरांचा आधार दिलेला आहे. तेव्हा सिंधुदुर्ग जिल्हा नव्हता, तो १ मे १९८१ ला झाला. ही सगळी गावं रत्नागिरी जिल्ह्यात मोडत. पुस्तकात मास्तरांची नावं नाहीत, फक्त गाव आणि हुद्दा. पण मी त्यांना ओळखते. तुटपुंज्या पगारावर दिव्याच्या उजेडात बसून ज्यांनी सरकारी कागदावर गिऱ्ह्याची आणि झोटिंगाची व्याख्या लिहिली, त्यांचे उपकार या जिल्ह्यावर आहेत. साहेबाने विचारलं म्हणून लिहिलं, हे खरं. पण जे लिहिलं ते गावात फिरून, विचारून लिहिलं.

ती भुतांची यादी मी पुष्कळदा वाचली आहे. पहिल्यांदा ती गमतीची वाटते. मुंज झाली पण सोडमुंज व्हायच्या आत मेलेला ब्राह्मणाचा मुलगा मुंजा होतो आणि पिंपळावर राहतो. मागे कोणी न ठेवता गेलेला खारवी किंवा कोळी झोटिंग होतो. निपुत्रिक, जीव अडकलेला माणूस समंध. नवरा मागे ठेवून गेलेली सवाष्ण जखीण. विधवा लावसट. बाळंतपणानंतर दहा दिवसांच्या आत गेलेली बाई हडळ. जरा थांबून वाचलं की ही यादी गमतीची राहत नाही. गावातली माणसं कशाने मरत होती, त्याचं हे रजिस्टर आहे. मुलगे आठव्या-नवव्या वर्षी मरत होते. खलाशी लग्नाआधी बुडत होते. आणि बायका बाळंतपणात मरत होत्या, इतक्या मरत होत्या की त्यांच्यासाठी भुतांची स्वतंत्र जात करावी लागली. सरकारदप्तरी तेव्हा त्या मृत्यूंची जी काही नोंद झाली असेल ती असो. गावाने मात्र त्या बाईला विसरू दिलं नाही. विहिरीपाशी, चिंचेपाशी, ओढ्यापाशी तिला उभी केली. मला वाईट याचं वाटतं की जिने जीव गमावला तिचीच भीती घातली.

आणि यादी जातीचीही आहे. ब्राह्मणाचं भूत वेगळं, मराठ्याचं वेगळं, शूद्र म्हटलेल्याचा देवचार, आणि त्या काळी अस्पृश्य मानलेल्यांचा खवीस सर्वांत दुष्ट. मेल्यावरही उतरंड तीच. ज्याला वेशीबाहेर ठेवलं त्याचं भूत वेशीवर, आणि ज्याच्याकडून गावाने जन्मभर राखण करून घेतली त्याच्याकडून मेल्यावरही राखणच. देवळातल्या मानाच्या यादीतही हेच आहे. गावकर, राऊळ, गुरव, घाडी, देवळी, भाविणी, ज्याचा त्याचा ठरलेला उंबरठा. हा इतिहास आहे, आणि तो झाकून देवांचं नुसतं कौतुक करणं मला पटत नाही. तसंच, भगताने एखाद्या एकट्या बाईवर करणीचा, चेटकाचा आळ घ्यावा आणि गावाने तिला छळावं, याला परंपरा म्हणून मी कधीही मान दिलेला नाही. डॉ. दाभोलकरांच्या खुनानंतर २०१३ मध्ये राज्याने जादूटोण्याविरुद्ध कायदा केला तो योग्यच केला. राखणदाराची आठवण ठेवायची, त्याच्या नावाने माणसाला दाखवलेली भीती नाही ठेवायची.

धर्म बदलला म्हणजे देवांचं काय होतं, ते बघायला आम्हाला आइसलंडपर्यंत जायला नको. तेरेखोलची खाडी ओलांडली की गोवा. पोर्तुगीजांनी १५६७ मध्ये साष्टीतली देवळं पाडली. पाडलेल्या देवळांच्या जमिनींची त्यांनी महसुलासाठी नोंद केली, आणि त्या नोंदींत रवळनाथ, सांतेरी, वेताळ हीच नावं येतात. तिथल्या त्या गावांच्या देवांची यादी आज आपल्याला मिळते ती देवळं पाडणाऱ्यांच्या दप्तरातून. काही देव भक्तांनी रातोरात नदीपलीकडे नेले. जे गेले ते वाचले.

आपल्याकडे आज कोणी देवळं पाडत नाही. आपण ती बांधतो. जुनं कौलारू देऊळ उतरवून सिमेंटचं उभारतो, चिऱ्याच्या जोत्यावर चकचकीत फरशी घालतो, आणि वारुळाभोवती लादी बसवताना वारुळाला श्वास घ्यायला जागा ठेवत नाही. सातेरीच्या फलकावर दुर्गेचं नाव येतं, वेतोबाला भैरवाचा अवतार म्हणतात, पूर्वस आणि राष्ट्रोळीच्या दगडांना एका ओळीत चौथऱ्यावर बसवतात. माया कमी झाली म्हणून हे होत नाही, उलट वर्गणी भरभरून येते. पण ओढ्याकाठचा देव देवळात आणला की ओढ्याकाठी कोण उरलं? माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात पश्चिम घाटातल्या देवरायांचा अभ्यास करून हेच दाखवलं, की देवाच्या धाकाने राखलेल्या त्या तुकड्यांत मूळ जंगल टिकलं. देव हलला की रान तोडायला वाट मोकळी होते. अकराव्या शतकात ब्रेमेनच्या आदमने स्वीडनमधल्या उप्साला इथल्या देवराईचं वर्णन लिहिलं. तिथलं प्रत्येक झाड पवित्र मानत. ती राई आता फक्त त्याच्या पुस्तकात आहे.

दुसरा धोका पडद्यावरचा. २०१६ मध्ये आकेरीच्या वाड्यात चित्रित झालेली ‘रात्रीस खेळ चाले’ ही मालिका घरोघरी पाहिली गेली. कलाकार आमच्या मातीतले होते, मालवणी बोली सगळीकडे ऐकू आली, याचा मला आनंद आहे. पण त्यानंतर कोकण म्हटलं की अंधार, किंकाळी आणि सूड, एवढंच लोकांच्या मनात राहिलं. चिं. त्र्यं. खानोलकरांनी वेंगुर्ल्याच्या बाजूच्या समुद्राचा आवाज ऐकून ‘कोंडुरा’ ही कादंबरी लिहिली तेव्हा त्यातलं गूढ माणसाच्या पापपुण्याशी जोडलेलं होतं. आमच्या देवचाराचा स्वभाव सूड घेण्याचा नाही. दिलेलं वचन पाळायचं, तुम्हीही पाळा, एवढीच त्याची अट.

एका गावात मी घाडीकाकांना म्हटलं होतं, गाऱ्हाणं लिहून घेऊ का? ते म्हणाले, “लिवन काय करतल्यात बाई? ता देवासमोर उभ्यान घालूक व्हया.” त्यांचं म्हणणं मला मान्य आहे. कागदावरचं गाऱ्हाणं म्हणजे गाऱ्हाणं नव्हे. पण त्यांचा मुलगा पुण्याला आहे, नातू पुण्यातच शिकतो, आणि त्या गावच्या स्थळांचा क्रम आज ज्यांना पाठ आहे ती माणसं सत्तरीच्या पुढची आहेत. स्नोरीने लिहिलं तेव्हा देवळं जाऊन दोन शतकं लोटली होती. आपल्याला तेवढा उशीर झालेला नाही.

म्हणून सिंधुदुर्गातल्या आणि मुंबई-पुण्यातल्या वाचकांना माझं सांगणं आहे. येत्या जत्रेला गावी जाल तेव्हा वही घेऊन जा. घाडी, गुरव, गावकर यांच्याशेजारी बसा. त्यांची परवानगी घ्या, आणि ते जे सांगू देतील तेवढंच लिहा. गावच्या स्थळांची नावं, त्यांचा क्रम, ती कोणत्या सर्व्हे नंबरात आणि कोणत्या झाडाखाली आहेत, कोणाला काय देतात, कोणाला देवळात कुठपर्यंत येऊ देत होते आणि आता कुठपर्यंत येऊ देतात, सगळं लिहा. घरातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा, कारण जखिणींच्या खऱ्या कथा आणि त्या बायकांची खरी नावं त्यांनाच ठाऊक आहेत. वहीवर गावाचं नाव, तारीख आणि सांगणाऱ्याचं नाव घाला. एक प्रत गावच्या शाळेत द्या, एक तालुक्याच्या ग्रंथालयात. १९१५च्या पुस्तकात मास्तरांची नावं राहून गेली. या खेपेला नावं राहू देऊ नका.